पाटी लावायची वेळ का येते?

कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीत शिरा, भिंतींवर पाट्या सापडतातच. ‘लिफ्टचे एकच बटण दाबावे.’ ‘दार ओढावे, ढकलू नये.’ ‘नळ उलट्या बाजूने बंद होतो.’ ‘हे बटण दाबू नये’, आणि वर त्या बटणावर सेलोटेपची पट्टी. पुण्यात याच पाट्यांची भाषा जरा धारदार होते, एवढाच काय तो फरक. पाटी लिहिणाऱ्याचं ठाम मत असतं की लोकांना अक्कल नाही. वाचणारा हसतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो आणि पुढच्या मिनिटाला तीच चूक करतो.

एखादा माणूस एकदा चुकला तर तो वेंधळा असेल. पण वेगवेगळ्या घरांतली, वयांची, शिक्षणाची माणसं एकाच ठिकाणी एकाच पद्धतीने चुकत असतील, तर माणसांना बोल लावण्यात अर्थ नाही. ती वस्तू त्यांना काय सांगते आहे, ते बघायला हवं. डिझाइन म्हटलं की आपल्याला महागडे सोफे आणि लोगो आठवतात. इथे मला त्या शब्दातून म्हणायचंय ते खूप साधं: बटण कुठे आहे, मूठ कशी आहे, आधी काय होतं आणि नंतर काय.

लिफ्टचंच घ्या. मधल्या प्रत्येक मजल्यावर दोन बाण असतात, एक वर आणि एक खाली. पाचव्या मजल्यावरच्या काकांना खाली जायचंय. वरच्या छोट्या पडद्यावर दिसतंय की लिफ्ट तळमजल्यावर आहे. काका वरचा बाण दाबतात. का? कारण लिफ्ट खाली आहे, ती वर यायला हवी. त्यांच्या हिशेबात काहीच चूक नाही. लिफ्टच्या हिशेबात मात्र त्या बाणाचा अर्थ ‘मला वर जायचंय’ असा आहे. आठव्या मजल्यावर निघालेली लिफ्ट पाचव्यावर थांबते, दार उघडतं, आतले चारजण काकांकडे बघतात, काका विचारतात, “खाली का?” आतून उत्तर येतं, “वर चाललीय!” मग दार मिटेपर्यंतची ती अवघडलेली शांतता.

म्हणजे एकाच बटणाला दोन प्रश्न चिकटलेत. लिफ्ट विचारते, तुम्हाला कुठे जायचंय? माणूस समजतो, लिफ्टने कुठे जायला हवं? आणि शेजारचा पडदा लिफ्टचा मजला ठळक दाखवून दुसऱ्याच प्रश्नाला खतपाणी घालतो. काही नव्या टॉवरांमध्ये आता बाणच नसतात. लॉबीतल्या पॅडवर थेट मजल्याचा आकडा टाकायचा आणि मग यंत्र सांगतं की अमुक लिफ्टने जा. त्याची सवय व्हायला वेळ लागतो, पण निदान प्रश्न एकच राहतो. दोन्ही बाण दाबणाऱ्या मंडळींची जात निराळी आहे. त्यांना लिफ्ट लवकर यायला हवी असते, आणि दोन्ही बाण दाबल्यामुळे ती उगाच एकदा जास्त थांबते.

दाराची गोष्ट यापेक्षा सोपी. उभी मूठ दिसली की हात आपोआप ती धरतो आणि ओढतो. सपाट पट्टी असेल तर धरायला काही नसतंच, हात ढकलतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॉनल्ड नॉर्मन यांनी 1980 च्या दशकात अशा दारांबद्दल इतकं लिहिलं की चुकीचा इशारा देणाऱ्या दाराला जगभरचे डिझायनर आता ‘नॉर्मन डोअर’ म्हणतात. आपल्याकडे बँका आणि शोरूममध्ये त्यांचा सुळसुळाट आहे: काचेचं दार, दोन्ही बाजूंना सारखीच लांब चकचकीत स्टीलची मूठ. मूठ म्हणते ओढ, दार म्हणतं ढकल. मग ‘पुश’चं स्टिकर लागतं, आणि काच आरपार असल्याने पलीकडून येणाऱ्याला तेच स्टिकर उलट्या अक्षरांत दिसतं. मूठ काढून तिथे पट्टी बसवली असती तर स्टिकरचा खर्चही वाचला असता.

आता घरात या. दिवाणखान्यातला स्विचबोर्ड. एका ओळीत आठ बटणं आणि कडेला पंख्याचा रेग्युलेटर. घरच्यांना अंधारातही नेमकं बटण सापडतं, पण पाहुण्याला विचारा. त्याला फक्त पंखा लावायचा असतो आणि तो ट्यूब, झुंबर, बाल्कनीचा दिवा असं सगळं एकदा उजळून घेतो. यात पाहुण्याचं काय चुकलं? बटणं एका रेषेत आहेत. दिवे मात्र छतभर, चार दिशांना पसरलेत. कुठलं बटण कुठल्या दिव्याचं, हे बोर्डाकडे बघून कळायला काही मार्गच नाही. वायरिंग करताना जी वायर हाताशी आली ती जवळच्या बटणाला जोडली गेली, आणि त्या दुपारचा तो योगायोग घरातल्यांना पुढची वीस वर्षं पाठ करावा लागतो. बटण आणि त्याचा परिणाम यांच्या जागांची जुळणी असावी, या साध्या अपेक्षेला डिझाइनवाले मॅपिंग म्हणतात.

मॅपिंगचा सगळ्यात गाजलेला अभ्यास स्वयंपाकघरातलाच आहे. 1959 मध्ये अल्फोन्स चॅपॅनिस आणि लिंडेनबॉम या दोन अमेरिकी संशोधकांनी चार बर्नरच्या शेगडीच्या वेगवेगळ्या मांडण्या करून लोकांना तपासलं. बर्नर चौकोनात आणि खाली चार नॉब एका ओळीत, अशी नेहमीची मांडणी असली की लोक चुकायचे. मागचा डावा बर्नर पहिल्या नॉबचा की दुसऱ्या? तेच बर्नर किंचित सरकवले, म्हणजे पुढचे आणि मागचे एकामागे एक न येता डावीकडून उजवीकडे चारही ओळीने दिसू लागले, तेव्हा त्या मांडणीत एकही चूक झाली नाही. नॉबवर काही लिहिलं नव्हतं. 

आपल्याकडची तीन बर्नरची शेगडी या परीक्षेत आपसूक पास होते. मधला बर्नर सहसा मागे असतो, तरी डावा, मधला, उजवा हा क्रम टिकतो आणि नॉबही त्याच क्रमाने येतात. काचेची चार बर्नरची शेगडी घरात आली की गडबड सुरू. दूध एकीकडे आणि मोठी केलेली ज्योत दुसरीकडे, हा प्रकार नव्या शेगडीच्या पहिल्या महिन्यात बहुतेक घरांत होतो आणि त्याचा दोष मात्र ‘लक्ष नसतं तुझं’ या वाक्यावर मिटतो.

शेगडीच्या त्याच नॉबमध्ये एक गोष्ट मात्र फार विचाराने केलेली आहे, आणि रोज हाताखालून जात असूनही ती सहसा लक्षात येत नाही. नॉब दाबून फिरवला की आधी ज्योत मोठी होते. बारीक करायची तर नॉब मागे न आणता तसाच पुढे फिरवायचा. तर्काने हे उलटं वाटतं. बंद, मग बारीक, मग मोठी असा क्रम हवा होता. पण पेटवताना भरपूर गॅस यायला हवा, म्हणून मोठी ज्योत पहिली. आणि भात मंद आचेवर ठेवायचा तर नॉब शेवटपर्यंत फिरवा, तिथे तो अडतो. बारीक करता करता चुकून बंद होण्याची भीती नाही, कारण ‘बंद’ दुसऱ्या टोकाला आहे. बारीक आच ‘बंद’च्या शेजारी असती, तर केसभर जास्त फिरल्यावर ज्योत विझली असती. दाबून फिरवायची अटही तशीच: पदर अडकून किंवा लहान मुलाच्या हाताने सहज गॅस सुरू होऊ नये म्हणून.

हेच चॅपॅनिस शेगडीच्या बरेच आधी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकी हवाई दलासाठी काम करत होते. बी-17 नावाची बॉम्बफेकी विमानं धावपट्टीवर नीट उतरायची आणि उतरल्यावर काही वेळा वैमानिक भलताच स्विच ओढायचे. पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा, म्हणजे फ्लॅप, मिटायच्या असायच्या आणि मिटायची चाकं. विमान पोटावर आदळायचं. अहवालात कारण लिहिलं जायचं: वैमानिकाची चूक. चॅपॅनिस यांनी कॉकपिटमध्ये बसून बघितलं तर चाकांचा आणि फ्लॅपचा स्विच शेजारी शेजारी होते आणि दिसायला सारखेच. दमलेल्या माणसाचा हात चुकणारच. त्यांचा उपाय बघा: चाकांच्या स्विचच्या टोकाला रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखा तुकडा. आता न बघताही हाताला कळू लागलं. आजही विमानात चाकांच्या दांड्याचं टोक चाकाच्याच आकाराचं असतं. तो नियमच झाला. 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अशा 460 घटनांचे वैमानिकांचे अनुभव तपासले तेव्हा अनेक ‘मानवी चुका’ मुळात मांडणीच्या चुका निघाल्या.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की चॅपॅनिस यांनी वैमानिकांना जास्त प्रशिक्षण दिलं नाही आणि ‘स्विच ओढण्यापूर्वी खात्री करावी’ अशी पाटीही लावली नाही.

कधी कधी नुसता इशारा पुरत नाही. चूक करताच येऊ नये अशी तजवीज लागते. आत जाणाऱ्या झाकणाचा कुकर हे त्याचं आपल्या घरातलं उत्तम उदाहरण. लंबगोल झाकण तिरकं करून आत घालायचं आणि वर खेचून बसवायचं. नव्या सुनेला, होस्टेलवरच्या मुलाला पहिल्यांदा ते जमत नाही, वैताग येतो. पण आत वाफ आहे तोवर तीच वाफ झाकणाला आतून तोंडावर दाबून धरते. कितीही घाई असली, कितीही ताकद लावली, तरी ते निघत नाही. वाफ गेली की झाकण आपोआप खाली सुटतं. ‘वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडू नये’ हे वाक्य झाकणाच्या आकारातच लिहिलेलं आहे. तीन पिनच्या प्लगमधली वरची जाड पिन लांब असते तीही त्याचसाठी: अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि सगळ्यात शेवटी सुटावं. ब्रेक दाबल्याशिवाय बटणाने सुरू न होणारी स्कूटर याच कुळातली.

एटीएममध्येही असाच एक बदल झाला. सुरुवातीच्या बऱ्याच मशिनांमध्ये आधी पैसे यायचे, मग कार्ड. लोक पैसे मोजत बाहेर पडायचे आणि कार्ड मशिनमध्येच. यात विसराळूपणापेक्षा मेंदूची काटकसर जास्त आहे. ज्या कामासाठी आलो ते झालं की त्या कामाची फाइल डोक्यात बंद होते. त्यानंतरचं शेपूट विसरलं जातं. झेरॉक्सच्या दुकानात मूळ कागद काचेखाली राहतो तो यामुळेच: हवी होती ती प्रत हातात आलेली असते. एटीएमवर उपाय फक्त क्रम बदलण्याचा होता. आधी कार्ड काढा, मगच पैसे. पैसे विसरून कोण जाणार?

या सगळ्यापेक्षा अवघड प्रश्न मुंबईत रेल्वेच्या रुळांवर होता, आणि तिथे जे करून पाहिलं गेलं ते मराठी वाचकांना आश्चर्यकारकरीत्या कमी माहीत आहे. 2009-10 च्या सुमारास मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दिवसाला सरासरी दहाच्या आसपास माणसं मरत होती, आणि त्यात रूळ ओलांडताना गेलेल्यांचा वाटा मोठा होता. ‘रूळ ओलांडणे धोकादायक आणि दंडनीय गुन्हा आहे’ ही पाटी होतीच, घोषणा होत्या. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, हेही होतं. लोक ओलांडतच होते. रोज ओलांडणाऱ्याचा अनुभव असा असतो की काल काही झालं नाही, परवाही नाही. सुखरूप पार पडलेला प्रत्येक दिवस पाटीला थोडं थोडं खोटं पाडतो.

मानवी वर्तनावर काम करणाऱ्या मुंबईच्या फायनलमाइल या कंपनीने, म्हणजे बिजू डॉमिनिक आणि राम प्रसाद यांच्या चमूने, मध्य रेल्वेबरोबर हार्बर मार्गावर वडाळ्याजवळ वेगळी वाट धरली. ओलांडणारा माणूस त्या क्षणी नेमकं काय चुकीचं समजतो, हा त्यांचा प्रश्न होता.

पहिली चूक वेगाची. मोठी वस्तू आपल्याला आहे त्यापेक्षा हळू येताना दिसते. विमानतळाजवळ उभं राहिलं की प्रचंड जेट तरंगत उतरल्यासारखं वाटतं, आणि छोटं विमान सुसाट, प्रत्यक्षात जेटचा वेग जास्त असूनही. हर्शेल लिबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांना हेच लावून दाखवलं. त्यात लोकल समोरून सरळ अंगावर येत असते; तिच्या बाजूने मागे पळणारं काही दिसत नाही, त्यामुळे वेग मोजायला डोळ्यांना आधारच नसतो. वडाळ्याला मग काही काही अंतर सोडून स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, पिवळे रंगवले. गाडी आली की एकेक पिवळा पट्टा तिच्याखाली झपाझप गडप होताना दिसतो. आता वेग डोळ्यांना दिसू लागला.

दुसरी गोष्ट भोंग्याची. मोटरमन लांबलचक भोंगा द्यायचा. पण शेजारच्या रुळांवरूनही गाड्या जात असतात, सततच्या आवाजाला कान सरावतात, आणि लांब भोंगा त्या गोंगाटात मिसळून जातो. त्याऐवजी दोन तुटक भोंगे द्यायचे ठरलं. मधल्या क्षणभराच्या शांततेमुळे कान टवकारतात.

तिसरं होतं चित्र. नेहमीच्या इशाऱ्याच्या फलकांकडे कुणी बघतही नव्हतं. त्यांच्या जागी एका नटाचा मोठा फोटो लागला: गाडी अंगावर येतेय हे कळलेल्या माणसाचा, ओरडणारा चेहरा. तो समजायला अक्षरओळख लागत नाही, मराठी-हिंदी-इंग्रजीचा प्रश्न नाही. माणसाचा घाबरलेला चेहरा दिसला की आपलं पाऊल नकळत अडखळतं.

रंग, भोंगा आणि फोटो. खर्च म्हणाल तर रेल्वेच्या हिशेबात चिल्लर. त्या टप्प्यातले मृत्यू पुढच्या काळात बरेच कमी झाल्याचं तेव्हा सांगितलं गेलं आणि परदेशी वृत्तपत्रांनीही त्याची दखल घेतली.

पण इथे थांबलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. माणूस रूळ का ओलांडतो? कारण पूल फलाटाच्या त्या टोकाला आहे, त्याला उंच पायऱ्या आहेत, हातात पिशव्या आहेत आणि घर समोर दिसतंय. भिंत बांधली तर लोक तिला भगदाड पाडतात, आणि ते भगदाड बरोबर तिथेच असतं जिथे पूल असायला हवा होता. पिवळे स्लीपर ओलांडणाऱ्याला सावध करतात. त्याची गरज ते संपवत नाहीत. असल्या युक्त्यांचं कौतुक करणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) त्या युक्त्या पुलाची जागा घेणार नाहीत याचं भान ठेवायला हवं. जिन्याच्या कोपऱ्यात पिंक पडू नये, भिंतीशी कुणी आडोसा शोधू नये म्हणून देवादिकांच्या टाइल्स लावतात. साईबाबा, गणपती, शेजारी क्रूस, मशिदीचं चित्र, सगळे गुण्यागोविंदाने राखणीला. युक्ती चालते. पण बरेचदा माणूस टाइल संपते तिथून दोन हात पुढे सरकतो, कारण परिसरात मुतारी नाही. देवाला पहारेकरी नेमून महापालिकेचं काम भागत नाही.

उलट काही ठिकाणी अगदी छोटा बदल खरोखर पुरतो. उन्हातून घरी आलेला माणूस एसी 16 वर लावतो, लवकर गार व्हावं म्हणून. गॅसचा नॉब मोठा केला की आच वाढते, तसंच इथेही होणार हा त्याचा समज. साध्या एसीत तसं होत नाही. कॉम्प्रेसर चालू असेल तर एकाच जोराने चालतो. रिमोटवरचा आकडा फक्त कुठे थांबायचं तेवढं सांगतो. इन्व्हर्टर एसीत जोर कमी-जास्त होतो, तरी 16 चा मुख्य परिणाम एवढाच की खोली गरजेपेक्षा गार होते आणि मध्यरात्री कुणीतरी पांघरूण शोधतं. आता आकड्याचा हा अर्थ देशभर समजावत कोण बसणार? ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमानुसार 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबल असलेले खोलीचे एसी मुळातच 24 अंशांवर सेट होऊन यायला लागले. कुणालाही मनाई नाही, 16 करायचं तर करा. पण मशीन ज्या आकड्यावर येतं त्याच्याच आसपास बहुतेक लोक राहतात, कारण बदलायचे कष्ट कोण घेतो. आणि ब्युरोच्याच हिशेबाने एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते.

घरात वायरिंगचं काम निघणार असेल तर इलेक्ट्रिशियन यायच्या आधी एक कागद घ्या आणि खोलीचा आराखडा काढून दिवे-पंखे कुठे येणार ते दाखवा. दारातून आत शिरल्यावर डावीकडे जे दिसतं त्याचं बटण बोर्डावर डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. पंख्याचं बटण रेग्युलेटरला अगदी लागून. बाल्कनीचा दिवा शक्यतो बाल्कनीच्या दाराशीच, या बोर्डावर नकोच. इलेक्ट्रिशियन म्हणेल, “साहेब, काही फरक पडत नाही, सवय होते.” त्याला चहा द्या आणि कागद भिंतीला चिकटवून ठेवा.